किन्नरची सीट

२०२२ च्या दिवाळीतली गोष्ट. फराळाची ताटं अजून उचलली नव्हती आणि पुतण्या म्हणाला, "काका, मी ट्रेलरवर जाणार. लांबच्या लाइनला."

घर गप्प झालं. वैनी उठून आत गेल्या. दादा पेपरमागं लपला. फक्त आई, वय वर्षं ब्याऐंशी, करंजी मोडत म्हणाली, "ह्या घराचं चाक काय थांबायचं न्हाई बघ."

पोरगा आयटीआय झालेला. दोन वर्षं निपाणीत छोटा हत्ती चालवून भाजी-किराणा पोचवत होता, हेवीचं लायसन काढून झालं होतं. माझ्याकडं वळून त्यानं विचारलं, "तुम्ही सत्तावीस वर्षं गाडी मारली. सुरुवात कशी करायची तेवढं सांगा."

मी क्लच-गियरपासून सुरू केलं आणि अडखळलो. कारण आमच्या भागात माणूस ड्रायव्हर कसा होतो हे सांगायचं तर सुरुवात तंबाखूपासून करावी लागते. त्या दिवशी नीट सांगता आलं नाही म्हणून आज लिहितोय.

आपल्यातल्या बऱ्याच घरांत आज डॉक्टर आहेत, इंजिनियर आहेत, बँकेतले साहेब आहेत. पण दोन पिढ्या मागं गेलं की कुणीतरी गाडीवर होतंच. लग्नाच्या बैठकीत ते सांगताना आपण म्हणतो, "आमचा ट्रान्सपोर्टचा व्यवसाय होता." व्यवसाय मालकाचा होता. आमचे वडील ड्रायव्हर होते.

निपाणीला रेल्वे नाही. तेव्हा नव्हती, आजही नाही. मिरज-बेळगाव लोहमार्ग रायबाग, चिकोडी रोड असा पूर्वेकडनं निघून गेला, आणि पलीकडं कोल्हापूरचं स्टेशन चाळीसेक किलोमीटरवर. मधे आमचं गाव, आणि गावाभोवती बिडीच्या तंबाखूची काळी रानं. जरदा तयार झाला की वखारीत पोती थप्पीला लागायची. ती गुजरातेत, मध्य प्रदेशात, दक्षिणेत, जिथं जिथं बिडी वळली जाते तिथं पोचवायची. सुरुवातीला बैलगाडीनं स्टेशन गाठायचे. महायुद्ध संपल्यावर लष्करानं काढून टाकलेल्या मोटारी बाजारात आल्या. मग १९५४ पासून टाटांनी जर्मनीच्या डेमलर-बेंझशी करार करून जमशेदपूरला डिझेल ट्रक बांधायला घेतले. नाकावर तीन टोकांची चांदणी असलेली ती टाटा मर्सिडीज पुणे-बेंगलोर रस्त्यावर दिसायला लागली आणि निपाणीच्या व्यापाऱ्याला घरबसल्या रेल्वे मिळाली. तंबाखूमागोमाग गूळ आला, साखर आली, बेळगावच्या फौंड्र्यांचं बीड आलं. रेल्वे नसलेल्या गावात ट्रक हीच रेल्वे झाली, आणि रानात वाटणीनं राबणाऱ्यांची पोरं त्या ट्रकवर चढली. आमचे वडील त्यातलेच. १९६० च्या सुमारास ते गाडीवर गेले, क्लीनर म्हणून. आमच्याकडं क्लीनरला किन्नर म्हणतात. हिंदीत त्या शब्दाचा अर्थ वेगळा आहे, पण सीमाभागातल्या कुठल्याही ढाब्यावर 'किन्नर कुठाय?' म्हटलं की सोळा-सतरा वर्षांचं ग्रीसनं माखलेलं पोरगं पुढं येणार.

वडील गाडीवर गेले त्याच्या आधी चार वर्षं रस्त्यावर एक नवी गोष्ट उभी राहिली होती. सरहद्द. १९४९ मध्ये कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं तेव्हा निपाणी आणि कोल्हापूर एकाच राज्यात आली होती. ते सुख सात वर्षं टिकलं. १ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव जिल्ह्याचा आमचा भाग म्हैसूर राज्यात गेला, आणि कागलला मामाकडं जाणारी वाट परराज्यात गेली. माणसाला चालत जायला कुणी अडवत नव्हतं. गाडीला मात्र अडवत होतं. १९३९ च्या मोटार कायद्याप्रमाणं एका राज्याचं परमिट दुसऱ्या राज्यात चालवायचं तर तिथल्या अधिकाऱ्याची प्रतिस्वाक्षरी लागायची, कर वेगळा भरायचा. चाळीस किलोमीटरवरच्या कोल्हापूरच्या अडत्याकडं गूळ टाकायला जाणारी गाडी एका दिवसात आंतरराज्य झाली. १९७५ मध्ये नॅशनल परमिट आलं तेव्हा कुठं जरा मोकळं झालं. तरी कोगनोळीच्या नाक्यावर रांग लावून कागद दाखवणं काही सुटलं नाही. विक्रीकराचे ते नाके १ जुलै २०१७ ला जीएसटी आला तेव्हा उठले. म्हणजे वडिलांची सगळी आणि माझी सगळी नोकरी नाक्यावर थांबण्यात गेली.

वडील दरवर्षी १ नोव्हेंबरला काळा दिन पाळायचे. दंडाला काळी फीत, दिवसभर गाडी बंद. आणि २ तारखेला पहाटे उठून बेंगलोरचं भाडं घेऊन निघायचे. लहानपणी मी विचारलं होतं, काल ज्यांच्या राज्याविरुद्ध घोषणा दिल्या त्यांच्याच राजधानीला आज कसं जायचं? म्हणाले, "भांडण राज्याशी हाय. रस्त्याशी न्हाई." महाजन आयोगाचा अहवाल १९६७ मध्ये येऊन गेला, २००४ पासून दावा सुप्रीम कोर्टात आहे. आमच्या घरात मात्र या विषयावरचं वडिलांचं ते वाक्यच निकाल म्हणून चालत आलंय.

गाडी आणि रान यांत घर कुणाच्या बाजूचं, हे १९८१ मध्ये कळलं. त्या मार्चमध्ये शरद जोशींच्या शेतकरी संघटनेच्या हाकेला ओ देऊन तंबाखू उत्पादक निपाणीजवळ हमरस्त्यावर येऊन बसले. बाया-पोरं, बैलगाड्या, चुली, सगळं रस्त्यावर. तंबाखूला घामाचा दाम द्या, एवढंच मागणं. तीन आठवडे ते तिथं होते. वडिलांची गाडी जाग्यावर उभी. गाडी उभी म्हणजे भत्ता बंद, आणि भत्ता बंद म्हणजे आमच्या घरात आमटीत पाणी जास्त. मालक चिडलेला. वडील रोज संध्याकाळी रस्त्यावर जाऊन बसायचे, आणि येताना घरातली भाकरी तिथं देऊन यायचे. म्हणायचे, "भाडं बुडू दे. मी ज्याची पोती उचलली तोच बसलाय तिथं." ६ एप्रिलला पोलिसांनी गोळीबार केला. शेतकरी मेले. मी पंधरा-सोळा वर्षांचा होतो. त्या संध्याकाळी वडील घरी आले आणि न जेवता झोपले, एवढंच मला आठवतं.

दोन वर्षांनी, दहावीत गणितानं दोनदा दगा दिल्यावर, मी किन्नर झालो. महिना दीडशे रुपये आणि रोजचा भत्ता.

वडिलांनी मला स्वतःच्या गाडीवर घेतलं नाही. म्हणाले, बापाच्या हाताखाली पोरगं शिकत न्हाई, लाडावतं नाहीतर मार खातं. त्यांनी मला एका गोकाकच्या उस्तादाच्या हवाली केलं. उस्तादाची मातृभाषा कानडी. मला 'तम्मा' म्हणायचे, म्हणजे धाकटा भाऊ. मी त्यांना अण्णा म्हणायचो. मराठी त्यांना यायची, पण पहिले सहा महिने ते माझ्याशी मुद्दाम कानडीच बोलले. 'बा' म्हणजे ये, 'निल्लु' म्हणजे थांब, 'निधान' म्हणजे सावकाश. गाडी मागं घेताना मी ओरडण्यात चूक केली तर भिंत जाणार, त्यामुळं हे शब्द फार लवकर पाठ झाले. सीमाभागात भाषेवरून मोर्चे निघत होते आणि मी दुसरी भाषा गाडीच्या मागं उभा राहून शिकत होतो.

किन्नरची शाळा कशी असते ते आज कुणाला ठाऊक नाही, म्हणून लिहितो. पहाटे उठून रेडिएटरमध्ये पाणी, इंजिनचं ऑइल काडीवर बघायचं. मग हातोडी घेऊन सगळे टायर वाजवायचे. भरलेला टायर टणक बोलतो, बसलेला भद्द बोलतो. जोडटायरातला आतला बसला असेल तर डोळ्याला दिसत नाही, कानालाच कळतं. घाटात गाडी थांबली की उडी मारून चाकाखाली लाकडी ठोकळा. रात्री उस्तादाला झोप येऊ नये म्हणून गप्पा मारायच्या, आणि त्या गप्पांत डावीकडचं सगळं बघायचं, कारण डावी बाजू ड्रायव्हरला नीट दिसत नाही, ती किन्नरची. स्टोव्हवर भात टाकायचा. बिल्टी, परमिट, टॅक्सची पावती एका पिशवीत, आणि ती पिशवी उशाखाली.

आणि सगळ्यात मोठा विषय म्हणजे माल बांधणं. आमची गाडी उघड्या बॉडीची. पोती असली की ताडपत्री आणि दोरखंड. लोखंड असलं की साखळ्या. बंद कंटेनरात माल आपला आपण बसतो, उघड्या गाडीवर त्याला बसवावा लागतो. निघाल्यावर तासाभरात एकदा थांबून सगळ्या गाठी परत ओढायच्या, कारण हादऱ्यांनी माल खाली बसतो आणि दोरी सैल पडते.

१९८४ च्या पावसाळ्यात मी ते केलं नाही. लोखंडी पाईप भरले होते, पाऊस पडत होता, खाली उतरायचा कंटाळा आला. अण्णांनी विचारलं, "गाठी बघितल्यास?" मी हो म्हणालो. खंबाटकी घाटाच्या एका वळणावर मागनं घसरल्याचा आवाज आला. तीन पाईप रस्त्यावर. मागनं त्या क्षणाला कुणी येत नव्हतं, एवढंच नशीब. अण्णा मला मारतील असं वाटलं. त्यांनी गाडी कडेला घेतली, आम्ही दोघांनी पाईप ओढून वर चढवले, आणि मग त्यांनी सगळ्या साखळ्या सोडायला लावल्या. भर पावसात सगळा माल पहिल्यापासून मी एकट्यानं बांधला. ते बॅटरी धरून उभे. पहाट झाली. मग म्हणाले, "ब्रेक चुकला तर आपण मरतो, तम्मा. दोरी चुकली तर मागचा मरतो." त्यानंतर कधीही, रिकाम्या गाडीवरसुद्धा, मी 'बघितलं' असं न बघता म्हणालो नाही.

स्टिअरिंग हातात कधी येतं याचा काही नियम नव्हता. कायद्यानं येऊ नयेच, कारण लायसन नसायचं. पण सगळ्यांचं यायचं तसं माझंही आलं. रिकामी गाडी, रात्रीची वेळ, संकेश्वरच्या अलीकडचा सरळ रस्ता. आधी दहा किलोमीटर, मग पंचवीस. अण्णा शेजारी किन्नरच्या सीटवर बसून रस्ता बघायचे. तवंदी घाट आला की गाडी परत त्यांच्या हातात. घाटाचा धडा एका वाक्याचा होता, ज्या गियरवर चढशील त्याच गियरवर उतरायचं. डिझेल वाचवायला न्यूट्रलवर गाडी सोडणारे किती जण त्या उतारावर गेले, ते अण्णा प्रत्येक वळणाला बोट दाखवून सांगायचे.

१९८६ च्या उन्हाळ्यातल्या एका रात्री माल भरलेला होता. कित्तूर मागं पडल्यावर अण्णांनी गाडी माझ्याकडं दिली आणि नेहमीसारखे शेजारी बसले. थोड्या वेळानं बघतो तर अण्णा घोरत होते. माझ्या पोटात गोळा आला. बेळगाव गेलं, हत्तरगी गेलं, तरी उठले नाहीत. तवंदी घाट मी एकट्यानं उतरवला. निपाणीत गाडी उभी केल्यावर ते उठले, डोळे चोळले आणि म्हणाले, "चहा सांग. आता लायसन काढ."

लायसन मी पुढच्या महिन्यात काढलं. ते माझं सरकारी सर्टिफिकेट. खरं सर्टिफिकेट त्या झोपेचं.

१९७६ मध्ये गदगला विजय संकेश्वरांनी एका ट्रकवर सुरुवात केली, छपाईचं घराणं सोडून. पुढं त्याचीच व्हीआरएल झाली, हे सगळ्यांना माहीत आहे. आम्हा पोरांना ती गोष्ट ढाब्याढाब्यावर ऐकवली जायची. एका ट्रकचा ताफा होतो, हे खरं आहे. पण ताफ्यातल्या प्रत्येक गाडीवर एक ड्रायव्हर असतो, आणि त्याची गोष्ट कुणी सांगत नाही. १९६१ चा मोटार कामगार कायदा दिवसाला आठ तास काम सांगायचा. पण तो पाच किंवा जास्त कामगार असलेल्या मालकालाच लागू होता. आमच्याकडं एक-दोन गाड्यांचे मालक, त्यामुळं आम्ही कायद्याच्या बाहेर. आठ तासांत आम्ही पुण्यालाही पोचत नव्हतो. वडिलांचे गुडघे पन्नाशीत गेले, माझा कणा सत्तेचाळिशीत. २०१३ मध्ये मी खाली उतरलो. वैनी आत का गेल्या, ते मला कळत होतं.

पण पुतण्या ज्या रस्त्यावर निघाला होता तो आमचा रस्ता राहिलेला नव्हता. सुवर्ण चतुष्कोनात तो चौपदरी झाला, गावं बाजूला पडली, घाट रुंद झाला. तोरणगल्लूच्या पोलाद कारखान्यातनं कॉइल घेऊन लांबलचक ट्रेलर पुण्या-मुंबईकडं जायला लागले. बाजू नाहीत, छप्पर नाही, नुसता सपाट तळ आणि त्यावर वीस-पंचवीस टनांचं एकेक वेटोळं. २०१८ मध्ये अशा गाडीचं मालासकट कमाल वजन ४९ टनांवरून ५५ टनांवर नेलं. त्याच वर्षी नॅशनल परमिटच्या गाडीवर दोन ड्रायव्हर असण्याची सक्ती निघाली. किन्नर तर त्याच्या आधीच परवडेनासा झाला होता. गाडी सुधारली, ब्रेक सुधारले, आता नव्या ट्रकच्या केबिनला एसी पण सक्तीचा झालाय. फक्त डावीकडची सीट रिकामी झाली. जिथं बसून आम्ही शिकलो, ती शाळाच बंद पडली.

पोराला कागलच्या आमच्या पाहुण्यांच्या ट्रेलरवर काम मिळालं. गाडी एमएच-०९ पासिंगची. पोराचं आधार कार्ड निपाणीचं, म्हणजे कर्नाटकचं. दुसऱ्या एका ड्रायव्हरबरोबर दोन ट्रिपा केल्या आणि तिसऱ्या ट्रिपला एकटा.

६ डिसेंबर २०२२. सीमाप्रश्न परत पेटला होता. दुपारी मोबाईलवर बातमी आली, बेळगावजवळ हिरेबागेवाडीच्या टोलनाक्यावर महाराष्ट्र पासिंगच्या ट्रकांवर दगडफेक. वैनींच्या हातातलं ताट पडलं. तिकडं पुण्यात कर्नाटकच्या बसगाड्यांना काळं फासल्याचंही त्याच दिवशी दाखवत होते. म्हणजे गाडीची पाटी बघून माणूस ठरवायचं काम दोन्हीकडं चालू होतं.

मी फोन लावला. पोरगा कित्तूरच्या अलीकडं होता, पाठीवर तोरणगल्लूची कॉइल.

"काका, मी ढाब्यावर हाय. ढाबेवाला म्हणाला 'हिंदे निल्लिसु', म्हणून गाडी मागच्या बाजूला लावलीय, रस्त्यावरनं नंबर दिसत न्हाई. जेवायला पण दिलं, पैसे घेईना."

"साखळ्या बघितल्यास?"

"दोनदा."

"शेजारी कोण आहे?"

"कोण न्हाई काका. मी एकटाच."

ढाबेवाल्यानं त्याला रात्रभर ठेवून घेतलं. दुसऱ्या दिवशी पोलीस बंदोबस्तात रस्ता चालू झाल्यावर तो निघाला आणि सुखरूप आला. त्या कानडी माणसाचं नाव आम्हाला आजतागायत माहीत नाही. आई रोज देवापुढं 'कित्तूरचा बाबा' म्हणून त्याच्यासाठी हात जोडते.

पण माझ्या डोक्यात एकच वाक्य राहिलं. कोण न्हाई काका. तीन पिढ्यांत आमच्या घरातला कुणी पहिल्या वर्षी एकटा नव्हता. त्याला वाहनाचं ज्ञान माझ्यापेक्षा जास्त आहे, नकाशा मोबाईलमध्ये आहे. पण डावीकडचं बघायला आणि 'गाठी बघितल्यास?' विचारायला कुणी नाही.

पुढच्या ट्रिपला मी कमरेला पट्टा बांधला आणि त्याच्याबरोबर गेलो. दादा हसला, "वय सत्तावन्न, आणि किन्नर?" वैनी मात्र डबा भरताना पहिल्यांदा माझ्याशी नीट बोलल्या. म्हणाल्या, "भावजी, त्याला शिकवू नका, नुसतं बघा."

नुसतं बघितलं. तोरणगल्लूला कॉइल ठेवल्यावर त्यानं साखळ्या ओढल्या, पाचर घातली. तासाभरानं न सांगता थांबून परत ओढल्या. टायर त्यानं हातोडीनंच वाजवले. मी विचारलं हे कुणी शिकवलं, तर म्हणाला, "लहानपणी तुम्ही अंगणात करताना बघत होतो की." हुबळी गेली, धारवाड गेलं. कित्तूरला त्याच ढाब्यावर थांबून चहा घेतला. ढाबेवाला नव्हता, गावाकडं गेला होता. हिरेबागेवाडीचा नाका आला, फास्टॅग वाजला, दांडा वर झाला. आमच्या पाटीकडं कुणी बघितलंसुद्धा नाही.

बेळगाव मागं पडलं. रात्रीचे दोन वाजले असतील. पोरगा बोलत नव्हता, मीही नाही. संकेश्वर गेलं. तवंदी घाटाच्या तोंडाशी मी नकळत उजवा पाय दाबला, जिथं माझा ब्रेक असायचा तिथं. काही नव्हतं तिथं, नुसती फरशी. तेवढ्यात त्यानं गियर खाली घेतल्याचा आवाज आला. इंजिन गुरगुरलं, गाडी आवरली आणि आपल्या चालीनं उतरायला लागली.

मी मान मागं टेकली आणि डोळे मिटले. घाट कधी संपला ते मला ठाऊक नाही. जाग आली तेव्हा गाडी निपाणीत उभी होती आणि तो विचारत होता, "काका, चहा सांगू?"